तीन दिवसांची शिकवणी

सकाळी नऊच्या बातम्या संपल्या आणि रेडिओवर रोजच्यासारखी गेलेल्या माणसांची यादी सुरू झाली. ॲटी गीलन तेव्हा पावाला लोणी लावत होती. आयर्लंडमधल्या लेट्रिम परगण्यात ही यादी कुणी चुकवत नाही. हवामान ऐकलं नाही तरी चालतं, पण कोण गेलं आणि दफन किती वाजता हे ठाऊक नसलं, तर दुकानात चारचौघांसमोर मान खाली घालायची वेळ येते. पहिली दोन नावं अनोळखी निघाली. तिसऱ्या नावाला निवेदिकेने आवाज जरा खाली आणला.

"डिम्प्ना क्रीगन, राहणार ड्रमशॅनबो. म्हणजेच आपल्या सर्वांची लाडकी गायिका किटी लॅरामी. आज दुपारी दोन ते सहा राहत्या घरी अंत्यदर्शन. उद्या अकरा वाजता चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा. त्या वेळी किटीचं 'कडी लावू नकोस, आई' हे गाणं तिच्याच आवाजात ऐकवण्यात येईल."

ॲटीच्या हातातली सुरी फरशीवर पडली.

समोर तिचा नवरा पॅकी वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसला होता. तो तसाच म्हणाला, "तू गेलीस म्हणतायत गं. मग चहा कोण ओतणार?"

"तिच्याच आवाजात," ॲटी म्हणाली. "ऐकलंस ना? तिच्याच."

पॅकीने वर्तमानपत्र खाली ठेवलं. आपली थट्टा फसली हे कळायला चाळीस वर्षांच्या संसारात त्याला नेहमीच जरा वेळ लागत आला होता.

गोष्ट अशी, की पहिली किटी लॅरामी म्हणजे ॲटीच. सहासष्ट साली ती बावीस वर्षांची होती. कर्ली टॅफ नावाच्या बँडमालकाने तिला सोनेरी केसांचा टोप, पांढरे बूट आणि झालरीचं लाल जॅकेट चढवलं, लॅरामी हे अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाचं नाव चिकटवलं आणि डब्लिनला नेऊन तिची एक रेकॉर्ड काढली. गाण्यात इंग्लंडला कामाला गेलेली लेक आईला सांगते, दाराला कडी लावू नकोस, मी कधीही येईन. तिसऱ्या कडव्यात 'आई' म्हणताना गाणारीच्या गळ्यात हुंदका अडकतो. त्या हुंदक्यावर अख्खा देश रडला. वास्तविक तो हुंदका नव्हता, उचकी होती. घाईघाईत कोंबलेलं हॅमचं सँडविच तिला बाधलं होतं, आणि पुन्हा गायला स्टुडिओची वेळ उरली नव्हती.

दोन वर्षांनी पॅकीशी जमलं. पॅकीच्या आईला झालरी हलवणारी सून नको होती. ॲटीलाही रोज व्हॅनमध्ये अंग आखडून झोपायचा वीट आला होता, पण हे ती कुणाजवळ कबूल करत नसे. सासूवर खापर फोडणं सोपं होतं. टॅफने एका शब्दाने अडवलं नाही. किटी लॅरामी हे नाव त्याच्या मालकीचं, करारात तसं लिहिलेलंच होतं. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात नाचघरं बंद असायची आणि बँडवाले आपापल्या घरी. त्या सवडीत त्याने एक एकोणीस वर्षांची पोरगी शोधून आणली, तोच टोप तिच्या डोक्यावर ठेवला, आणि तिला तयार करायचं काम ॲटीच्याच गळ्यात घातलं. लाँगफर्डच्या एका हॉटेलची मागची खोली, तीन दिवस. ईस्टरच्या रविवारी नवी किटी गायला उभी राहिली, आणि हजार माणसांत एकालाही फरक कळला नाही.

ती डिम्प्ना. पुढची चाळीस वर्षं ती गात राहिली, मंडपांत, दारूच्या गुत्त्यांत, बोटींवर, टीव्हीवर, आणि ॲटी चाळीस वर्षं रेडिओ बंद करत राहिली. टॅफला शब्द दिला होता म्हणून आधी बोलली नाही, आणि नंतर बोलली असती तर लोक हसले असते. बॉस्टनला राहणाऱ्या तिच्या मुलांनाही आपली आई कोण होती याचा पत्ता नव्हता.

"उद्या माझा आवाज तिच्याबरोबर पुरला जाणार," ॲटी म्हणाली. "आणि मी इथे लोणी लावत बसलेय."

"मग काय करतेस? शवपेटीत तिच्या शेजारी जाऊन झोपतेस?"

"एकाने म्हणावं, पॅकी. फक्त एकाने, एकदा. की तो आवाज माझा होता. मग मला काही नको."

पॅकी उठून गाडीच्या किल्ल्या शोधायला लागला. "हिरवा कोट घाल," तो म्हणाला. "काळ्यात तू तिची बहीण वाटशील."

ड्रमशॅनबोच्या त्या घराबाहेर गाड्यांची रांग लागली होती. आत कॅसेटवर तेच गाणं चालू होतं, वारंवार. ॲटी उंबऱ्यातच थांबली. स्वतःचा बावीस वर्षांचा आवाज परक्याच्या घरात, परक्याच्या मयताला, आणि हातात रुमाल घेतलेले लोक. "काय गळा दिला होता देवाने हिला," पुढची बाई म्हणाली.

रांग पुढे सरकली. डिम्प्नाचा नवरा फेलिम पेटीशेजारी उभा होता. पूर्वी तो बँडचा ड्रमर होता, ॲटीच्या पाठीमागे दोन वर्षं बसलेला. तो ज्याच्या त्याच्याशी हात मिळवत होता.

"तुझ्या दुःखात आम्ही आहोत," ॲटी म्हणाली.

"उपकार आहेत," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या हाताने दुपारपासून तीनशे हात दाबले असतील.

डिम्प्ना पेटीत निजलेली होती, लहानखुरी, हातात जपमाळ. पायांवर लाल जॅकेट पसरलं होतं. ॲटीची नजर तिसऱ्या बटणावर थांबली. बाकीची बटणं पांढरी आणि ते एक पिवळसर. ॲटीच्या आईने ते स्वतःच्या जुन्या ब्लाउजचं काढून लावलं होतं. चाळीस वर्षांत ते कुणी बदललं नव्हतं. म्हणजे तेही पुरलं जाणार होतं.

पॅकी म्हणाला, "चल आता, पाहिलंस ना." पण तिचे पाय हलेनात. ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी चहा दिला, तिने कप हातात धरला आणि तसाच ठेवला.

कुणीतरी कॅसेट बंद केली. निम्मी खोली डिम्प्नाच्या नंतरच्या बँडवाल्यांचीच होती आणि त्यांना नुसतं बसवत नव्हतं. ह्युगी नावाच्या म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्याने एक जुनं गाणं म्हटलं, घोगऱ्या आवाजात, पण मनापासून. गाणं झालं की पुढे कुणी गायचं हे सांगायचा मान गाणाऱ्याचा. ज्याचं नाव निघालं त्याने आढेवेढे घ्यायचे नाहीत, मयताच्या घरी तर मुळीच नाहीत. ह्युगीने चष्मा पुसला आणि खोलीभर नजर फिरवली.

"ती मागे हिरव्या कोटातली बाई," तो म्हणाला. "चहा गार करून बसलीये. म्हण गं काहीतरी."

"मी गात नाही," ॲटी म्हणाली.

"आम्ही तरी कुठे गातो? ओरडतो. म्हण."

पॅकीने तिचा कोपर धरला. तिने तो सोडवून घेतला. मनात काही ठरवलं होतं असं नाही, पण तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते तेच. कडी लावू नकोस, आई.

पहिल्या ओळीलाच कपांचा आवाज थांबला. ॲटी चौसष्ट वर्षांची होती, आवाज जाडावला होता, वरच्या सुराला कापत होता. पण चाल तीच, नाकातून वर चढायची लकब तीच, ओळीच्या शेवटी सूर सोडून द्यायची पद्धत तीच. एका म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. दारात उभे असलेले दोघे पुढे आले आणि पेटीकडे पाहू लागले. तिसऱ्या कडव्यात 'आई' आलं, आणि गळ्यात ती उचकी अडकली, न बोलावता.

गाणं संपलं.

डिम्प्नाची मुलगी ओर्ला पेटीजवळून उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्या आईची नक्कल करता?" ती म्हणाली. "तिच्या उशाशी उभं राहून? लाज कशी वाटत नाही तुम्हाला? कोण तुम्ही? कुणी बोलावलं तुम्हाला?"

चाळीस वर्षं ॲटीने या क्षणाची किती रूपं मनात रंगवली होती, पण तिलाच नकलाकार ठरवतील हे कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. पॅकी पुढे झाला, "हे बघ पोरी," म्हणू लागला.

"ओर्ला, खाली बस," फेलिम म्हणाला.

तो ॲटीकडे बघत होता. त्या दिवशी पहिल्यांदाच तो कुणाकडे नीट बघत होता.

"ही नक्कल नाही," तो म्हणाला. "रेकॉर्डवर हीच आहे. ही ॲटी. नक्कल इथे निजलीये, पेटीत."

ह्युगीच्या हातातून व्हायोलिनचा गज पडला. ॲटीला हवं होतं ते मिळालं होतं, एकाने म्हटलं होतं, तेही शंभर लोकांसमोर. तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिने कपासकट पॅकीचा हात घट्ट धरला.

फेलिमने ॲटीला आणि ओर्लाला स्वयंपाकघरात नेलं. पॅकी दारात उभा राहिला, लोक आत येऊ नयेत म्हणून.

"बाबा, तुम्ही काय बोललात आत?" ओर्ला म्हणाली. "तुम्हाला कळतंय का?"

"खरं तेच बोललो. ईस्टरच्या रविवारी मी ड्रमवर बसलो, तर समोर ही नव्हती आणि आवाज हिचाच. माझ्या हातातल्या काठ्या थांबल्या होत्या. टॅफने विंगेतून मूठ दाखवली तेव्हा वाजवायला लागलो." तो खुर्चीवर बसला. "सहा महिन्यांनी लग्न झालं आमचं. एकदा म्हटलं तुझ्या आईला, इथे टॅफ नाही, कुणी नाही, आज तुझं तू गा. ती लागली गायला. तुझंच आलं, ॲटी. उचकीसकट. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा. मग भांडी विसळायच्या मोरीला टेकून रडली. म्हणाली, परत कधी सांगू नकोस. चर्चमध्येसुद्धा ती नुसते ओठ हलवायची."

"पण मला झोपवताना गायची ती," ओर्ला म्हणाली.

"तेही हिचंच."

ओर्लाने ॲटीकडे पाहिलं. आता त्या नजरेत राग नव्हता. काय होतं ते ॲटीला सांगता आलं नसतं, पण ती नजर तिला सोसवेना. चाळीस वर्षं आपल्याला कुणी लुटलं म्हणून ती जळत राहिली होती, आणि आज तिच्या लक्षात येत होतं की लाँगफर्डच्या त्या खोलीत चोरी झाली खरी, पण ती आपणच केली होती.

"मग आईचा स्वतःचा कसा होता?" ओर्लाने विचारलं.

"मला काय ठाऊक," फेलिम म्हणाला. "ती सांगायची, माझा आवाज जगात एकाच माणसाने ऐकलाय. लाँगफर्डला, पहिल्या दिवशी. टॅफ अजून आला नव्हता. ॲटी म्हणाली, तुला येतं ते म्हण. तेव्हा मी माझ्या आवाजात अख्खं गाणं म्हटलं." त्याने मान वर केली. "तू ऐकलंस, ॲटी. कसा होता?"

ॲटीला खोली आठवली. पडद्याला पडलेलं भोक आठवलं, हीटरचा वास, पोरीच्या हातातला ओला हातमोजा. पोरगी खिडकीशी उभी राहिली होती, डोळे मिटून, आणि गायली होती. किती वेळ? कुठलं गाणं? आवाज जाड होता की बारीक? ॲटी त्या दिवशी लग्नाच्या केकचा विचार करत होती, वर किती थर घ्यायचे याचा. तिला स्वतःचं वाक्य तेवढं लख्ख ऐकू आलं. 'नाही गं, असं नाही. हे सगळं विसरायचं. नाकातून वर ने.' आणि ती गुणी पोर विसरली होती.

काहीतरी बोलून टाकावं, असं तिच्या मनात आलं. गोड होता म्हणावं, खोल होता म्हणावं, कुणाला पडताळा घेता येणार होता? पण बाप आणि लेक दोघं तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि आत पेटीत ती होती.

"आठवत नाही," ॲटी म्हणाली. "मी ऐकतच नव्हते गं. मी चुका काढत होते."

फेलिमने मान हलवली, हळू, दोनदा. तो चिडला असता तर बरं झालं असतं. मग तो म्हणाला, "उद्या मिस्सेत तुझं नाव सांगतो. रेकॉर्ड लावायच्या आधी. तेवढं तरी व्हायला हवं."

"लावू नका," ॲटी म्हणाली. "फेलिम, हात जोडते तुला. तिच्यासमोर ती रेकॉर्ड लावू नका."

"मग काय लावायचं?" ओर्लाने विचारलं.

पॅकीने दारातून तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. डिम्प्नाचा स्वतःचा आवाज कुणाकडेच नव्हता.