आत सरकलेल्या याद्या

तो काळा ठिपका जरा जास्तच आत होता – ‘ऑइल फिल्टर काढा’ या ओळीच्या अलीकडचा – आणि त्याच्या खालचेही, अख्खी यादीच मुकाट्याने उजवीकडे सरकलेली... प्रसेनजितने पुढचं प्रकरण उघडलं. तिथे सगळं सरळ. ते प्रकरण रूपाचं, त्याच्या बायकोचं. म्हणजे वाकड्या तेवढ्या माझ्याच?

कामरगावच्या त्या घरात लॅपटॉप एकच होता. पुण्याच्या कंपनीची ट्रॅक्टरची माहितीपुस्तिका नवरा-बायको आळीपाळीने एक्सएमएल या खुणांच्या भाषेत बसवत – सकाळी ती, दुपारनंतर तो. काम त्यानेच तिला शिकवलं, आणि तेव्हा केवढा अभिमान वाटला होता... आता कंपनीतल्या संगीता मॅडमचा निरोप आला होता : पुढच्या पुस्तिकेपासून तुमच्या घरातलं एकच माणूस ठेवू, कोण ते आज काम बघून ठरवू.

रूपाने माझ्या याद्यांना हात लावला असेल? सकाळी तो खोलीत आला तेव्हा ती घाईने उठली होती – की दूध उतू जात होतं म्हणून? छे, बायको आहे माझी. पण माझं कुठे चुकतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

त्याने खुणांसकट मजकूर उघडला. कुठेतरी घुसडलेली मोकळी जागा सापडेल, एखादी जादा खूण... तो शोधत होता, आणि ती सापडावी असं त्याला मनापासून वाटत होतं. काही नव्हतं. तो आपली यादी परिच्छेदाच्या आत लिहायचा, रूपा परिच्छेद संपवून. दोन्ही चालतं. पण पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये परिच्छेदाला डावीकडे समास होता आणि यादीलाही तेवढाच. त्याच्या याद्यांना दोन्ही लागत होते. त्याने एकच नियम लिहिला – परिच्छेदातल्या यादीचा डावा समास शून्य. सगळे ठिपके एका रेषेत आले.

ती निर्दोष निघाली. बरं वाटायला हवं होतं. पण त्याला तिचाच राग आला.

“झालं काय?” रूपा दारात उभी होती, हाताला कणीक.

“झालं. माह्या याद्या वाकड्या दिसून राह्यल्या होत्या.”

“मले सकाळीच दिसल्या. पन तुमच्या कामाले हात नाई लावला. उगाच तुमाले काई वाटलं असतं.” ती बोटांची कणीक काढू लागली. “आन् मॅडमले फोन करून मी तुमचंच नाव सांगलं.”

“काहून?”

प्रश्न तोंडातून गेला आणि मग त्याला त्यातला संशयाचा सूर ऐकू आला. रूपाने त्याच्याकडे नीट पाहिलं, काहीतरी उमगल्यासारखं, आणि ती आत गेली.

पुढच्या पुस्तिकेचं काम आता त्याचं झालं होतं. पण सकाळीच दिसलं तर बोलली का नाही... आणि नाव – कीव आली म्हणून, की मी आयुष्यभर मिंधा राहावा म्हणून? आतून पोळ्या लाटल्याचा आवाज येत होता, रोजचाच. तो ऐकत बसला, आणि आपलं मन आता तिच्या कुठल्याच चांगुलपणावर थांबणार नाही, हे कळून त्याला भीती वाटली.