मुक्ताचा राउटर आणि तिन्हीसांज

बाळांनो, जरा माझ्याबरोबर रामघाटाच्या पायऱ्या चढा. चढलात? आता डावीकडच्या गल्लीत वळा. गाय आडवी उभी असेल, तिच्या शेपटीकडून निघा. एक निळं दार दिसेल, आतून मुलांचे आवाज येतील. ही सुमंत गुरुजींची वेदपाठशाळा. जिना चढून वर या आणि भिंतीकडे बघा. तिथे खुंटीला गुरुजींचं उपरणं टांगलेलं आहे आणि शेजारच्या फळीवर एक पांढरा डबा आहे, हिरवे दिवे मिचकावणारा. तो राउटर. साऱ्या पाठशाळेचं इंटरनेट त्याच्यातून येतं-जातं.

या डब्यासमोर तुमच्याच वयाची एक मुलगी मांडी घालून बसली आहे असं समजा. ती मुक्ता, गुरुजींची नात. तिच्या शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली देवश्रीआत्या, म्हणजे गुरुजींची मुलगी. आत्या विद्यापीठात अशा शेकडो डब्यांची देखभाल करते.

आणि दारात उभा असलेला, नखं खाणारा, तो मुक्ताचा मोठा भाऊ निनाद.

निनादची उद्या सकाळी घनपाठाची परीक्षा होती. घनपाठ म्हणजे काय, ते सांगतो. मंत्रातले शब्द सरळ म्हणायचे, मग उलटे, मग पुन्हा सरळ. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन. असं पुढे-मागे विणत गेलं की मध्ये एखादं अक्षर गळलं तर लगेच कळतं. परीक्षक नाशिकला बसून पडद्यावर ऐकणार होते. मागच्या वर्षी याच डब्यानं ऐन पाठात दगा दिला होता. पुन्हा पुन्हा संपर्क तुटला, निनाद गडबडला आणि वर्ष गेलं.

"इस बार भी टूटा ना," निनाद गल्लीतल्या हिंदीत म्हणाला, "तर मी परीक्षेला पुन्हा बसणारच नाही. सांगून ठेवतो."

"तू पाठ म्हण जा," आत्या म्हणाली. "डब्याचं मी बघते."

डबा का दगा देत होता, तेही आत्यानं मुक्ताला सांगितलं. डब्याच्या पोटात त्याला शिकवलेला एक धडा असतो. कसं वागायचं, कुणाला वाट द्यायची, कुणाला थांबवायचं. त्याला फर्मवेअर म्हणतात. हा सारा धडा एका फाइलमध्ये बांधलेला असतो, तिला म्हणतात इमेज. या डब्याच्या जुन्या धड्यात एक चूक होती. पुष्कळ फोन एकदम जोडले की तो गोंधळून बंद पडायचा. बनवणाऱ्यांनी ती चूक दुरुस्त करून नवी इमेज दिली होती.

"मग जुनी पुसून नवी घालायची?" मुक्तानं विचारलं.

"छे! याच्या पोटात दोन कप्पे आहेत. एकात जुनी इमेज आहे, ती तशीच राहू दे. नवी दुसऱ्या कप्प्यात ठेवायची. नवा पाठ पक्का होईपर्यंत जुना सोडतात का?"

"आजोबा तर कधीच सोडू देत नाहीत."

"म्हणूनच इथली मुलं हे काम पटकन शिकतील," आत्या हसली. "बरं, मुक्ते, इमेज आत जात असताना वीज जाऊन चालत नाही. इथे लाइट जाते का गं?"

"रोज जाते! पण इन्व्हर्टर आहे ना."

झालं. आत्यानं काम सुरू केलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरू लागली. खाली मुलांचा पाठ थांबला. नदीवरून घंटांचे आवाज आले. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली, आणि खट्‌ असा आवाज होऊन सगळीकडे अंधार झाला.

डब्याचे हिरवे दिवे विझले.

मुक्ता आणि आत्या, दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. या पाठशाळेत तिन्हीसांजेला गुरुजी मुख्य बटण खाली करतात. इन्व्हर्टरची वीजही त्याच बटणातून येते. संध्या तेलाच्या दिव्याच्या उजेडात व्हायची, हा इथला नेम. आत्या याच घरात लहानाची मोठी झाली, मुक्ता रोज ते बटण खाली जाताना बघते. पण त्या घरात लाइट जाणं वेगळं आणि संध्येला बटण खाली करणं वेगळं! म्हणून विचारणारीलाही आठवलं नाही आणि सांगणारीलाही नाही.

"मर गया डिब्बा?" निनादचा आवाज चिरकला.

"मेलाबिला नाही," आत्या शांतपणे म्हणाली. "संध्या होऊ दे बाबांची."

तेलाचे दिवे लागले, संध्या झाली, बटण वर गेलं. डबा क्षणभर गप्प राहिला. मग एक दिवा, दुसरा, तिसरा. जुना धडा पहिल्या कप्प्यात शाबूत होता, त्याच्यावरच डबा उभा राहिला.

गुरुजी वर आले. काय झालं ते ऐकून म्हणाले, "अगं देवश्री, एक हाक मारली असतीस तर आधी तुमचं काम उरकू दिलं असतं."

"आठवलं असतं तर मारली असती ना, बाबा."

एवढ्यात मुक्ता ओरडली, "आत्या, बघ! दुसऱ्या कप्प्यात नव्या इमेजचं नाव दिसतंय. म्हणजे गेली की आत! आता नव्यावर चालू करू?"

"नाव दिसतंय. पाठ पुरा आहे कशावरून?"

"ताडून बघायचं," मुक्ता हळूच म्हणाली.

आत्यानं तिला युक्ती दाखवली. ठरावीक गणितानं इमेजमधून अक्षरांची आणि आकड्यांची एक लांब ओळ निघते. ती इमेजची खूण. मूळ इमेजची खूण बनवणाऱ्यांनी जाहीर केलेली असते. आत एक अक्षर जरी चुकलं तरी सगळी खूणच बदलून जाते. आत्याच्या फोनवर मूळ खूण होती, तो गुरुजींच्या हातात दिला. डब्यातल्या इमेजची खूण लॅपटॉपवर आली, ती मुक्ता वाचू लागली.

"सात, एफ..."

"थांब. इथे चार आहे."

पहिल्याच घासाला खडा! इमेज अर्धवट होती. ती पुसून टाकली आणि आत्यानं पुन्हा नव्यानं पाठवली. या वेळी पट्टी शेवटपर्यंत भरली. मुक्तानं खूण वाचली, गुरुजींनी मिळवली. चार. चार. बी. बी. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली.

"आता उलटं," गुरुजी म्हणाले.

"बाबा, लॅपटॉप स्वतः ताडून बघतो हो! त्यानं 'जुळली' म्हणून सांगितलंय."

"त्याला सांगू दे. आम्हीही बघतो. म्हण गं मुक्ते, शेवटून."

शेवटूनही जुळली. मग आत्यानं नवा धडा पुढे करून डबा पुन्हा चालू केला. दिवे विझले आणि बराच वेळ लागेनात. गुरुजींचा हात वायरीकडे गेला, तसा मुक्तानं तो धरला. "आजोबा, थांबा! विद्यार्थी नवा पाठ आठवतोय. मध्येच टोकायचं नसतं." गुरुजींनी चक्क हात मागे घेतला. आणि दिवे लागले.

आत्यानं पाठशाळेतले सगळे फोन एकदम जोडायला लावले. डबा डगमगला नाही.

"आता ती जुनी काढून टाका," निनाद म्हणाला. "अडगळ कशाला?"

"तुझी परीक्षा होईपर्यंत राहणार," मुक्ता म्हणाली. "नवीन बिघडलं तर उभं कशावर राहायचं?"

सकाळी निनाद पडद्यासमोर बसला. एक-दोन, दोन-एक. पाठ विणला जात होता आणि नाशिकचे परीक्षक मान डोलवत होते. संपर्क एकदाही तुटला नाही. शेवटी परीक्षक म्हणाले, "उत्तम. उत्तीर्ण!" आणि निनादनं उठून आधी डब्यालाच नमस्कार केला.

त्या दिवशी तिन्हीसांजेला गुरुजी नेहमीसारखे मुख्य बटणाशी गेले. हात वर नेला आणि थांबले. जिन्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "मुक्ते, चालेल का गं?"

मुक्तानं वर जाऊन डब्याकडे नीट पाहिलं. कसलंही काम चालू नव्हतं. "चालेल, आजोबा!" म्हणत ती धावत खाली आली, टाचा उंचावल्या, स्वतःच ते बटण खाली केलं आणि पहिला दिवा लावायला काडेपेटी हातात घेतली.