टाकीतले तीर्थ

किनाऱ्यावरच्या माशांच्या शेडपुढे त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. झावळ्यांच्या कमानी लागल्या होत्या, बायका डोक्यावर फळांचे मनोरे घेऊन आल्या होत्या, आणि आत काचेच्या टाक्यांपुढे पांढऱ्याशुभ्र वस्त्रात जेरो कांतेन डोळे मिटून बसला होता. जेरो म्हणजे मांत्रिकाला द्यायचा मान. कांतेनने तो मान स्वतःच स्वतःला दिला होता.

"सांगा, तीन दिवसांपूर्वी हे मासे कसे होते?" त्याने विचारले.

"अंगावर मीठ पेरल्यासारखे!" गर्दी म्हणाली.

"श्वास?"

"धापा टाकत होते!"

"आणि आज?"

पहिल्या टाकीतले निळे मासे लख्ख दिसत होते. अंगावर एक पांढरा ठिपका नव्हता. लोकांनी हात जोडले. हे मासे म्हणजे वस्तीचे पोट होते. पुरुष तोंडात हवेची नळी धरून प्रवाळात उतरायचे, जाळीने एकेक मासा जिवंत पकडायचे, आणि तो परदेशातल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पोहायला जायचा. ठिपक्यांचा मासा कुणी विकत घेत नाही.

"समुद्राचा देव बारुणा माझ्या कानात बोलतो," कांतेन म्हणाला. "काल म्हणाला, कांतेना, या टाकीत मी स्वतः उतरलोय."

"मग तिथल्या माशांना जागा आता फारच अपुरी पडत असेल," खांबाला टेकलेली रस्मिनी पुटपुटली. ती सरकारी खात्यातली माशांची डॉक्टर. शेजारच्याच गावात वाढलेली, त्यामुळे हे सगळे तिला पाठ होते. पुढे काय होणार हेही तिच्या लक्षात आले आणि ती घाईने पुढे सरकली.

"थांबा! ते पाणी दुसऱ्या टाक्यांत घालू नका!"

तोवर उशीर झाला होता. देव उतरलेले पाणी म्हणजे तीर्थ, आणि तीर्थ एकट्याने ठेवून घ्यायचे नसते, सगळ्यांना वाटायचे असते, हे त्या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. माणसे कळशा भरभरून पहिल्या टाकीतले पाणी, तळाच्या वाळूसकट, उरलेल्या सगळ्या टाक्यांत ओतू लागली. बायकांनी ते डोक्यावर शिंपडले. वस्तीचे प्रमुख पाक वेंतेन यांनी भक्तिभावाने तीन घोट घेतले आणि खाऱ्या पाण्याने तिथेच भडभडून ओकले. कांतेन म्हणाला, पोटातले पाप निघाले. त्यावर पाक वेंतेन यांनी आणखी तीन घोट घेतले.

दक्षिणा तो घेत नसे. फक्त एक भाजलेले आख्खे डुक्कर, आणि 'समुद्राला परत सोडायला' टाकीतली सर्वांत देखणी जोडी. ती जोडी शहरातल्या दलालाच्या हाती सुटायची.

पुढच्याच आठवड्यात सगळ्या टाक्यांतले मासे पांढरे पडले. मग ते मरू लागले. आधी कोपऱ्यात तोंड खुपसून, मग आडवे होऊन, आणि शेवटी ढिगाने. पाट्या भरभरून ते डुकरांना घातले गेले.

लोक पुन्हा कांतेनकडे धावले. त्याने नारळाच्या करवंटीत तांदूळ टाकले, बराच वेळ ढवळले आणि सुस्कारा सोडला.

"माझा मंत्र खोटा नव्हता. कुणीतरी तो खाल्ला. माशांना रोज हाताने चारा कोण घालतं?"

मेन सुकी घालत होती. मेन सुकी म्हणजे सुकीची आई. शेडमध्ये राबणारी विधवा, जिच्या बाजूने भांडायला घरात कुणी पुरुष नव्हता. करवंटीतल्या तांदळांनी नेमकी तीच कशी दाखवली, हे विचारण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. संध्याकाळपर्यंत ती लेयाक ठरली होती. लेयाक म्हणजे मुंडके धडावेगळे करून हिंडणारी, आतडी लोंबवत रक्त पिणारी चेटकीण. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने तिला तांदूळ द्यायचे बंद केले. शाळेत सुकीच्या बाकावर कुणी बसेना. वस्तीच्या सभेत तिला वाळीत टाकायचा ठराव यायचा होता.

रस्मिनी तिच्या घरी गेली, तेव्हा मेन सुकी दारातच आडवी आली.

"आत येऊ नका डॉक्टरबाई. तुमच्याशीही बोलणं टाकतील."

"टाकू देत. त्यांच्या बोलण्यात ऐकण्यासारखं काय असतं?"

"मला वाळीत टाकलं तर मी सोसेन हो. पण हा..." तिने स्मशानाकडे बोट केले. "सुकीचा बाप. चार वर्षं वाळूत पुरून ठेवलाय. एकटीनं दहन करायची माझी ऐपत कुठली? पुढच्या महिन्यात वस्तीचं सामुदायिक दहन आहे. माझं नाव कापलं की त्याचंही कापलं. जाळल्याशिवाय सुटका नाही त्याची."

आत्मा असतो की नसतो, याचा रस्मिनीने कधी निकाल लावला नव्हता. पण जिवंत बाईला छळायला तिच्या मेलेल्या नवऱ्याची हाडे ओलीस धरायची, हा नीचपणा तिला स्वच्छ दिसत होता. तिला संताप आला, आणि संताप आला की तिचे डोके फार छान चाले.

सभेच्या दिवशी ती पाण्याच्या दोन पिंपांसह मंडपात शिरली. त्यांत दोन आजारी मासे होते. एकाचे अंग जाड जाड पांढऱ्या दाण्यांनी भरले होते, डोळेसुद्धा सुटले नव्हते. दुसऱ्यावर सुईच्या टोकाएवढे चार-दोन ठिपके होते, तेही नीट पाहिले तरच दिसणारे.

"जेरो, एक तुमचा, एक माझा," ती म्हणाली. "तुम्ही मंत्र म्हणा. मला मंत्र येत नाहीत, मी शिव्या देते. तीन दिवस. पिंपं इथेच मंडपात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कुणाचा मासा साफ होतो ते बघू. ठराव त्यानंतर करा."

लोक खदखदून हसले. पाक वेंतेन यांनाही मजा वाटली. कांतेनने दोन्ही पिंपांत डोकावून पाहिले आणि उदारपणे हात पसरला.

"हा मरायला टेकलेला मला द्या. देवाला सोपं काम देऊ नये."

मंडपात कौतुकाची लाट उठली. रस्मिनीने मान डोलावली.

"वा! मग हा मीच घेते. तुम्ही तो चार ठिपक्यांचा घ्या. सोपा आहे."

कांतेनचा हात हवेतच राहिला. "नाही... नाही. त्या माशाला आता माझं नाव लागलंय."

"बारुणाला सांगा, नाव बदललं."

"आजची तिथी..."

"अहो जेरो, चार तर ठिपके आहेत!" मागून कुणीतरी ओरडले. "तेवढ्याला घाबरलात?" पुन्हा हशा पिकला, आणि या वेळी तो कांतेनच्या वाट्याला आला. त्याला मुकाट्याने पिंप घ्यावे लागले.

तीन दिवस मंडपात जत्रा होती. कांतेन एका पिंपापुढे धूप जाळत होता. दुसऱ्यापुढे सरकारी डॉक्टरबाई बसून माशाचा उद्धार करत होती. "मेल्या, ऐतखाऊ, दळभद्र्या, तुझं तळण करीन!" पोरे टाळ्या पिटत होती. काही शिव्या तर म्हाताऱ्या बायकांनी येऊन तिला आवडीने शिकवल्या.

तिसऱ्या दिवशी शिव्या खाल्लेला मासा आरशासारखा स्वच्छ झाला होता. मंत्र ऐकलेल्या माशावर मीठ ओतल्यासारखे दाणे आले होते.

लोक दोन्ही पिंपांभोवती दाटीने गोळा झाले.

"माझ्या शिव्यांत देव आहे का?" रस्मिनीने विचारले. "बोला. असेल तर मलाही डुक्कर भाजा."

 तिने स्वच्छ माशाच्या पिंपाचा तळ खरवडला, त्यातला एक थेंब सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि पाक वेंतेन यांना बोलावले.

"काय दिसतं?"

"गोळ्या... वाटोळ्या गोळ्या. अरे देवा, आत काहीतरी वळवळतंय!"

"हेच तुमचे दाणे. हे मीठ नाही, किडा आहे. माशाच्या कातडीत शिरतो, रक्तामांसावर फुगतो, आणि पोट भरलं की आपण होऊन गळून तळाशी पडतो. मंत्र म्हणा, शिव्या द्या, नाहीतर झोपा काढा. मासा साफ दिसतो आणि तुम्ही हात जोडता. तळाशी त्या एकेका गोळीतून शेकडो पिल्लं फुटतात आणि पुन्हा मासा शोधत निघतात. या माणसाला हे माहीत आहे. म्हणून बोलावल्यावर तो लगेच येत नाही, दाणे पिकेपर्यंत त्याची तिथी निघत नाही. म्हणून त्यानं परवा दाण्यांनी भरलेला मासा मागितला. कोवळ्या ठिपक्यांना तो का घाबरला, ते आता बघताय: कातडीत दडलेले बाकीचे किडे तीन दिवसांत फुगून दिसणार होते."

"पण बाकीच्या टाक्या तर चांगल्या होत्या," पाक वेंतेन म्हणाले.

"होत्या. तुम्ही तळाच्या वाळूसकट तीर्थ ओतलंत. किडे तुम्हीच वाटलेत, कळशीकळशीनं."

पाक वेंतेन यांनी नकळत पोटावर हात ठेवला.

"माणसाला त्याचं काही होत नाही," ती म्हणाली. "माशांचं मात्र झालं. निम्मे गेले, आणखी जातील. राहिलेल्यांना दर तीन दिवसांनी कोरड्या, धुतलेल्या टाकीत, ताज्या पाण्यात हलवायचं. किडे मागे राहतात आणि उपाशी मरतात. हे मी साथ आली त्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण त्यात घासायचे कष्ट होते आणि धूप नव्हता."

तेवढ्यात मागून किंकाळीसारखा आवाज आला. "लेयाक! हाच लेयाक आहे! यानंच मासे खाल्ले!"

क्षणात तोच शब्द शंभर तोंडांत गेला. कांतेन पळायला उठला, पण वाट मिळेना. त्याचे पांढरे वस्त्र टराटरा फाटले. ज्या हातांनी त्याचे पाय धुतले होते, त्याच हातांनी त्याला जमिनीवर दाबून धरले. आणि त्याच्यापुढे प्रवाळाचा धोंडा डोक्यावर उचलून मेन सुकी उभी होती. पहिली किंकाळी तिचीच होती.

रस्मिनी मध्ये शिरली.

"बाजूला व्हा डॉक्टरबाई. हा लेयाक आहे."

"कशावरून?"

"सगळे म्हणतायत!"

"तुझ्याबद्दलही सगळेच म्हणत होते."

 मेन सुकीने डोक्यावरचा धोंडा छातीपर्यंत खाली घेतला.

"हा लबाड आहे," रस्मिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "लबाडाला पोलिसांच्या ताब्यात देतात. लेयाक म्हणून याला ठेचलंत, तर लेयाक असतो हे तुम्हीच पुन्हा ठरवलंत. मग पुढच्या साथीला तुम्हाला नवा लागेल, आणि तो हिच्यासारखाच कुणीतरी एकटा असेल. मासा बरा झाला तर विचारा, काहीच केलं नसतं तर झाला नसता का? मेला तर विचारा, कशानं मेला. 'कुणी मारला' हे तुम्ही आधी विचारता, आणि नाव तुमच्या मनात तयारच असतं."

पाक वेंतेन यांनी घसा खाकरला. कांतेनला पोलिसांकडे द्यायचे, ठराव रद्द, मेन सुकीच्या नवऱ्याचे नाव दहनात राहील, असे ते पुटपुटले. तिची क्षमा मागायचे मात्र त्यांना सुचले नाही, आणि दुसऱ्याही कुणाला सुचले नाही.

मेन सुकीने धोंडा खाली टाकला. एकेका चेहऱ्याकडे तिने निरखून पाहिले, तांदूळ नाकारणाऱ्या दुकानदारापासून पाक वेंतेनपर्यंत.

"दहनाला या सगळे," ती म्हणाली. "मला तुमची गरज आहे, म्हणून बोलावतेय. तुम्ही माणसं आहात म्हणून नाही."