शेवटच्या गुणाचं शुद्धिपत्र

आमच्या छापखान्यात त्या उन्हाळ्यात एकच नवा पंखा आला. तो बाइंडिंगला द्यायचा की कंपोझिंगला, हे मॅनेजरांनी व्हॉलीबॉलवर सोडलं. बाइंडिंगमध्ये आम्ही सात बायका खळीच्या शेगडीपाशी उकडून निघायचो, त्यामुळे आम्ही जिवावर उदार होऊन खेळलो.

पंच होते आमचे हे. कंपोझिंगच्या खोलीत बसून प्रुफं तपासायचे. प्रुफं तपासणाऱ्याला कधी पंच करू नये. शिट्टी वाजवून निकाल द्यायचे आणि चार चेंडू झाले की पुन्हा शिट्टी. "मघाचा चेंडू रेषेच्या आत होता. दुरुस्त करा."

तरीही आम्ही पंधरा-तेराने जिंकलो. शेवटचा चेंडू मी जाळीपाशी उडी मारून पाडला. बायकांनी मला उचलायला घेतलं आणि दोघींच्या कमरा धरल्या.

संध्याकाळी घरी मी भाजी चिरत होते.

"जाळी हलली होती," हे म्हणाले.

"वाऱ्याने."

"वारा असता तर पंख्यासाठी एवढा खटाटोप कशाला केला असता?"

"चेंडू जाळीला लागला आणि जाळी माझ्या बोटाला. ती आली माझ्याकडे, मी नाही गेले."

"मग बोट लागलं नाही, असं सांग."

मी भाजी फारच बारीक चिरायला लागले. "पंखा त्यांना मिळाला तर वारा तुमच्याच टकलावर. लोक काय म्हणतील?"

"टेबल पॅसेजमध्ये घेईन."

सकाळी यांनी चिठ्ठी छापून आणली. 'शुद्धिपत्र : कालचा शेवटचा गुण कंपोझिंगचा समजावा. चौदा-चौदा.' ती माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बोर्डावर चिकटव."

"तुम्हीच चिकटवा की. खळ घ्या हवी तेवढी."

"चिकटवायचं काम बाइंडिंगचं."

आमच्यातल्या थोरल्या बाई कानाशी लागल्या. "पातळ खळ लाव गं. दुपारपर्यंत गळून पडेल."

पण हाताला वळण लागलेलं. मी चारी कोपरे दाबून अशी चिकटवली, की ती खरवडूनही निघाली नसती.

दुपारच्या सुट्टीत पुन्हा सगळे अंगणात जमले. सुट्टी छोटी, म्हणून मॅनेजरांनी एकाच चेंडूवर निकाल ठेवला. चेंडू जाळीवर आला, मी उडी मारली आणि करंगळी पुन्हा जाळीला लागली. चेंडू पलीकडे पडला. बायका ओरडल्या. यांच्या तोंडात शिट्टी होती, पण ती वाजेना. डोळे बारीक करून हे जाळीकडे बघत होते.

मी हात वर केला. "लागलं. गुण त्यांचा."

"अगं, पंचांनी बघितलंसुद्धा नव्हतं," थोरल्या बाई कळवळून म्हणाल्या.

"बघतील. घरी गेल्यावर."

पंखा कंपोझिंगमध्ये लागला. आठवडाभर बायका माझ्याशी बोलत नव्हत्या आणि मी यांच्याशी.