आकड्याखालची रेघ

साहेबांनी बूट काढले, पलंगाच्या कडेला जोडून ठेवले आणि बैठकीच्या खोलीत सगळ्यांच्या देखत गादीवर आडवे झाले. हसावं की उठून उभं राहावं, ते कुणाला कळेना. पलंग दवाखान्यासाठीचा होता, नवा कोरा, नुकताच कारखान्यातून चाकांवर ढकलत आणलेला. साहेबांनी डोळे मिटले, झोपेतल्या माणसासारखी कूस बदलली, आणि त्यांचा खांदा कडेचा कठडा ओलांडून सरळ बाहेर आला. मिस्त्रींनी पुढे होऊन धरलं नसतं तर ते फरशीवरच आले असते.

"मी शुद्धीत आहे," उठून बसत साहेब म्हणाले. "माझ्या जागी भूल उतरत असलेला माणूस धरा."



गोष्ट साधी होती. दवाखान्याने जाड गादी मागितली होती. गादी जाड झाली की माणूस वर येतो, म्हणून कठडाही वर यायला हवा, आणि त्यासाठी कठड्याचे पाय लांब करायचं ठरलं होतं. ठरल्याला बरेच दिवस झाले होते. तरी कारखान्यात सगळेच्या सगळे पाय जुन्याच मापाचे निघाले. मिस्त्रींनी एका पलंगावर कठडा चढवून पाहिला म्हणून कळलं, नाहीतर माल दवाखान्यात पोचला असता.

खोलीत चौघंच होते. साहेब आराखडा विभागाचे प्रमुख, वयाने तरुण, पण डोक्यावरचे केस आधीच निरोप घेऊ लागलेले. मिस्त्री कारखान्याचे. तिसरी 'नवी'. तिला येऊन वर्ष उलटून गेलं होतं, पण तिच्यानंतर कुणाची भरतीच झाली नाही, त्यामुळे नाव तसंच चिकटलं. अजून ती कायम झालेली नव्हती, आणि तिचा कागद याच महिन्यात साहेबांच्या सहीला यायचा होता. घरात कमावणारी ती एकटी आणि आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

चौथे पट्टीकाका. खिशात पोलादी पट्टी असल्याशिवाय त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतही ती आहे, असं मिस्त्री शपथेवर सांगत. विभागातले ते सगळ्यात जुने. कुठलाही आराखडा त्यांनी मंजूर केल्याशिवाय पुढे जात नसे. त्यांची बायको पाहुण्यांना सांगायची, यांनी मान हलवल्याशिवाय तिथे पलंगसुद्धा हलत नाही. तेव्हा काका खोटं खोटं रागावायचे.

"पायाचा बदल कुणाकडे होता?" साहेबांनी विचारलं.

"माझ्याकडे," काका म्हणाले. "केला होता मी. ड्रॉइंग उघडून बघा ना."

आवाज ठाम निघाला, आणि त्याचं त्यांना स्वतःलाच बरं वाटलं. साहेबांनी भिंतीवरच्या पडद्यावर ड्रॉइंग उघडलं. कठड्याच्या पायाशेजारी आकडा होता तीनशे वीस, अगदी हवा तोच. आकड्याखाली एक बारीक रेघ होती.

साहेब पडद्याजवळ गेले. मग कॉम्प्युटरमध्ये घडवलेलं पलंगाचं मॉडेल उघडलं. मॉडेलमधला पाय आखूडच होता. ते एकदा ड्रॉइंगकडे आणि एकदा मॉडेलकडे बघत राहिले. एकाच पलंगाचं चित्र एक माप सांगतं आणि पलंग दुसरंच, हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. असं होऊच कसं शकतं, असं ते स्वतःशीच म्हणाले.

काकांना माहीत होतं कसं होतं ते. पूर्वी कागदावर शाईने काम चालायचं तेव्हा एका मापासाठी अख्खा कागद पुन्हा काढत बसायला वेळ कुणाला होता? जुना आकडा खरवडायचा, नवा लिहायचा आणि खाली रेघ मारायची. रेघेचा अर्थ कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक असे: चित्र जुनं आहे, आकडा खरा आहे, आकड्यावर जा. त्यात लपवाछपवी नव्हती. उलट तो शब्द दिल्यासारखाच प्रकार होता.

मागच्या वर्षी सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं. ते शिकवायला आलेल्या माणसाने पडद्यावरच्या पलंगाच्या लांबीचा बाण माऊसने ओढला आणि सगळा पलंग लांब झाला. नट-बोल्ट आपापल्या जागी सरकले, छिद्रं त्यांच्या मागोमाग गेली. आता चित्र काढायचं नाही, तो म्हणाला, वस्तू घडवायची, चित्र तिच्यातून आपोआप निघतं. मॉडेलची फाईल थेट मशीनवर जाते, मधे कागद नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने काकांकडे वळून, समजलं ना, असं विचारलं, तेव्हा काका म्हणाले, सोपं आहे की. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एकट्याने ते करून पाहिलं. जमलं नाही. पुन्हा करून पाहिलं नाही.

मग एकदा त्यांना सापडलं की ड्रॉइंगवरच्या आकड्यावर दोनदा टिचकी मारली की तो पुसून हवा तो लिहिता येतो. मॉडेल जागचं हलत नाही. त्यांनी आकडा लिहिला आणि खाली रेघ मारली. हात सवयीने गेला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि त्या आकड्याप्रमाणे भाग बरोबर तयार होऊन आला. पुढचाही आला. फाईल थेट जाते म्हणे, पण कुणीतरी ड्रॉइंग बघत असणार, माणूस शेवटी माणूसच, असं म्हणून काका निर्धास्त झाले होते.

"मिस्त्री," ते आता म्हणाले, "तुमच्याकडे ड्रॉइंग बघत नाहीत का हल्ली?"

"आता कसलं ड्रॉइंग, काका," मिस्त्री म्हणाले. "वर्ष झालं. फाईल येते, मशीन कापतं, आम्ही उचलून ठेवतो. आमचा चष्मा खिशातच असतो."

काकांनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. कुणी बघत नव्हतं, तर मग इतके दिवस ते भाग बरोबर येत होते कसे?

साहेबांनी तोवर नव्या व्हर्जनमधली तुलना उघडली होती. मॉडेलची आधीची आणि नंतरची प्रत शेजारी शेजारी येई, जिथे काही बदललं तिथे हिरवा रंग भरे आणि खाली बदल करणाऱ्याचं नाव दिसे. कठड्याच्या पायाची तुलना आली. दोन्हीकडे करडा पाय, कुठेही हिरवा ठिपका नाही. खाली काकांचं नाव आणि 'मंजूर'.

"मॉडेलला कुणी हातच लावलेला नाही," साहेब म्हणाले.

"माझ्याकडून राहिलं," नवी म्हणाली.

ती इतकी पटकन बोलली की साहेबांना वळून बघावं लागलं. सुट्टीवर जाण्याआधी बघायला हवं होतं, आईच्या गडबडीत राहून गेलं, असं तिने सांगितलं. साहेबांनी विचारलं, तिने बघायचं म्हणजे काय? काम काकांचं, मंजुरी काकांची. तिने काय बघायचं होतं? ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

साहेबांनी काकांची आधीची एक फाईल उघडली. मग दुसरी. मग पटापट एकामागून एक. सगळीकडे तेच. काकांचं नाव, आणि करडंच्या करडं मॉडेल. त्याच्या खाली नवीचं नाव, आणि नेमक्या त्या भागावर हिरवा रंग. औषधाच्या गाडीचं चाक. डोक्याकडची फळी. सलाइनचा खांब. काकांनी आकड्याखाली जिथे जिथे रेघ मारली होती, तिथे तिथे संध्याकाळी कुणीतरी येऊन मॉडेल बदलून गेलं होतं.

त्या रेघेचा अर्थ काकांनीच तिला सांगितला होता. ती नुकतीच लागली होती तेव्हा, चहा पिताना, गंमत म्हणून. आमच्या वेळी असं होतं बघ. तिने सगळं ऐकून घेतलं होतं आणि, छान आहे हो, असं म्हटलं होतं. त्यानंतर कधी एका शब्दाने काही नाही.

काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पडद्यावर अजून फाईली सरकत होत्या. त्या दिसू नयेत म्हणून ते टेबलावरच्या लाकडाच्या रेषा बघू लागले.

साहेबांचा आवाज आता बदलला होता. मंजूर झालेली फाईल ज्याची त्यानेच उघडायची, हा नियम नवीला माहीत होता का, असं त्यांनी विचारलं. होता, ती म्हणाली. तरी वर्षभर ती दुसऱ्याच्या फाईली उघडत होती, तेही न सांगता. उद्या यात कुणाचा जीव गेला असता तर कुणाला धरायचं होतं? आणि हे कळल्यावर आपण तिच्या कागदावर सही करायची तरी कशी? साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

नवी खाली बघत होती. काकांकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

"मीच सांगितलं होतं तिला," काका म्हणाले.

"काय?"

"फाईली उघडायला. बदल मी ठरवायचा, आकडा लिहायचा, मॉडेल तिने करायचं. हात बसावा म्हणून."

साहेबांनी हुश्श केलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग आधी सांगायचं नाही का, ते म्हणाले, मी उगीच पोरीला धारेवर धरलं. ते मिस्त्रींकडे वळले आणि म्हणाले, बघा, याला म्हणतात माणूस तयार करणं. आम्ही नुसत्या सूचनांचे मेल पाठवतो, काका स्वतःचं काम हातात देतात. सुट्टीमुळे एकदा राहिलं तर राहिलं, सहीचं मनावर घेऊ नकोस, असं त्यांनी नवीला सांगितलं. आणि पुढच्या महिन्यात आणखी नवं व्हर्जन येतंय, नवी भरतीही होणार आहे, तर त्या सगळ्यांना काकांनीच शिकवावं, असंही त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"काका मास्तर झाले," मिस्त्री म्हणाले. "आता छडीच्या जागी पट्टी आहेच."

साहेब हसले. सगळं मिटलं होतं. नवी वाचली होती, माल दुरुस्त होणार होता, काकांना खुर्चीत मागे टेकता आलं असतं. त्यांनी नवीकडे पाहिलं. आता ती त्यांच्याकडेच बघत होती. तिने अगदी हलकी मान हलवली, एखाद्या म्हाताऱ्याला रस्त्यात हात देऊन पुढे निघून जावं तशी. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर काका कदाचित गप्प बसू शकले असते.

"तो माऊस जरा इकडे द्या," ते म्हणाले.

साहेबांना वाटलं, शिकवणीला सुरुवात झाली. त्यांनी कौतुकाने माऊस सरकवला आणि मिस्त्रींना पडद्याकडे बघायला खुणावलं. काकांनी कठड्याचं मॉडेल उघडलं. पायाचं माप शोधायलाच त्यांना इतका वेळ लागला की मिस्त्री उगीचच खोकले. शेवटी ते सापडलं. काकांनी तीनशे वीस लिहिलं आणि कळ दाबली.

पडद्याच्या डाव्या बाजूला पलंग कोणत्या क्रमाने घडवला त्याच्या ओळी होत्या, एकीखाली एक. त्यातली पहिली लाल झाली. मग तिच्या खालची. मग खालपर्यंत सगळ्या. कठडा पलंगापासून सुटला आणि तिरका होऊन अधांतरी लटकला.

"हं, आणि आता?" साहेबांनी उत्सुकतेने विचारलं.

"आता काही नाही," काका म्हणाले. "मला एवढंच येतं."

साहेबांचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, मग ओसरलं.

"वर्षभर एवढंच येतं. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिने फाईली उघडल्या त्या माझं झाकायला. काय विचारायचं ते मला विचारा."

त्यांना वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. साहेब त्यांच्याकडे बघायचं टाळत होते, मिस्त्रींनी खिडकीबाहेर काहीतरी शोधून काढलं होतं, आणि समोर भिंतभर ते लाल. माऊस टाकून बाहेर निघून जावं, अशी जबरदस्त उबळ आली. पण हात माऊसवरून निघेना.

मग नवीची खुर्ची सरकली. ती उठून आली नाही, फक्त पडद्याकडे वळून बसली.

"काका, माप असं वरून नाही बदलायचं," ती म्हणाली. "आधी कठड्याच्या बिजागरीची ओळ सोडवावी लागते."

काकांनी पडद्यावरच्या ओळींवरून नजर फिरवली. अक्षरं नीट लागत नव्हती. समोर साहेब बसले होते, मिस्त्री बसले होते.

"कुठली?" त्यांनी विचारलं.