केइलाचा डावा पाय

माझ्या मुलीने रविवारी चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभं राहून पश्चात्ताप करावा, असं ठरलं. ठरवणारे तीन मोठे पुरुष आणि मुलगी सहा वर्षांची. आदल्याच आठवड्यात तिचा पुढचा दात पडला होता. तिचा गुन्हा असा, की ती शाळेत नाचली.

आमच्या मंडळीत नाचत नाहीत. दारू नाही, सिगारेट नाही, नाच नाही. कुणाच्या लग्नात मारिंबाच्या लाकडी पट्ट्या वाजायला लागल्या की आम्ही कॉफी संपवून उठतो. शाळेलाही हे ठाऊक आहे. स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात आमच्या लोकांची मुलं बाजूच्या बाकावर बसतात आणि नाचणाऱ्यांचे स्वेटर सांभाळतात. केइलाही मांडीवर ढीग घेऊन बसली होती. मारिंबा सुरू झाली तशी तिने ते स्वेटर नीट बाजूला ठेवले, एकही घडी न मोडता. हे बाईंनी मला मुद्दाम सांगितलं. मग पटांगणाच्या मधोमध जाऊन, डोळे मिटून, तळवे वर करून ती नाचायला लागली.

मंगळवारी पाळक आबेलिनो आणि मंडळीचे दोन पंच घरी आले. त्यातल्या फर्मीनभाऊंच्या मोबाईलमध्ये तो नाच होता. वाईट बातमी आमच्या गावात बसची वाट बघत नाही. माझ्या सासूबाईंनी सगळ्यांपुढे कॉफी आणि गोड पाव ठेवला.

"बघणार का, त्रान्सितोआई?" फर्मीनभाऊंनी विचारलं.

"असलं बघायला देवाने मला डोळे नाही दिले," सासूबाई म्हणाल्या. "काय करायचं ते करा. फांदी कोवळी आहे तोवरच वाकते."

मी मात्र बघितलं. एकदा बघितलं, मग पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी माझं लक्ष पोरीच्या पायांकडे गेलं.

"हे मला पाठवा," मी म्हणाले.

"कशाला?"

"माझी मुलगी आहे म्हणून."

पाळक समजुतीने बोलले. ते नेहमीच समजुतीने बोलतात, म्हणून त्यांच्याशी भांडणं अवघड जातं. "बहिणी, ही शिक्षा नाही. पुढे यायचं, 'मी चुकले, मला क्षमा करा' एवढंच म्हणायचं. सगळे आमेन म्हणतील, की झालं."

"आणि नाही आली तर?"

"मग तुम्ही दोघं शिस्तीखाली. मागचा बाक. ओब्दूलिओला वाजवता येणार नाही."

ओब्दूलिओ माझा नवरा. उपासनेत बास गिटार वाजवतो. आणि मागचा बाक म्हणजे दारू पिऊन सापडलेल्यांचा, बायको टाकून गेलेल्यांचा. तिथे बसणाऱ्याशी उपासनेनंतर कुणी हात मिळवत नाही.

ते गेल्यावर ओब्दूलिओ म्हणाला, "एक वाक्य आहे गं. म्हणून टाकेल ती."

"म्हणून टाकेल, तेच तर नको. न केलेल्या पापाची माफी मागायची सवय आज लागली, तर उद्या कोण तिला काय काय कबूल करायला लावेल?"

"आणि माझं वाजवणं?"

"ते तुला लेकीपेक्षा प्यारं आहे?"

"तसं नाही. पण प्यारं आहे," तो म्हणाला. खरं बोलला म्हणून मला बरं वाटलं आणि त्याच कारणाने रागही आला.

आमच्या घरात देव नाही, असं कुणी म्हणू नये. ताट समोर आलं की माझा एलिऊ, तीन वर्षांचा, डोळे मिटून आभार मानतो. घेवड्याचे, मिठाचे, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचेसुद्धा. केइला झोपण्याआधी प्रार्थनेत देवापुढे दिवसभराच्या चहाड्या करते. मी ऐकते, पण हसत नाही. ज्याला सगळं सांगता येतं असा कुणीतरी वर आहे, एवढं त्यांच्या मनात बसलं तरी माझं काम झालं. त्याच देवापुढे पोरीला गुन्हेगार म्हणून उभी करायची, आणि तेही मी? माझ्या हाताला दुसरी पुष्कळ कामं आहेत.

केइलाच्या कानावर सगळं गेलंच होतं. वेणी घालून घेताना तिने विचारलं, "आई, मी कुणाला मारलं का?"

"नाही."

"मग माफी कुणाची मागायची?"

मी वेणी जरा जास्तच घट्ट ओढली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई तव्यापाशी बसून मक्याच्या पोळ्या थापत होत्या. मी मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवून त्यांच्यापुढे ठेवला.

"मला नको दाखवूस, देल्फिना."

"नका बघू. मी नुसता इथे ठेवते."

मारिंबा वाजायला लागली. सासूबाईंचे हात चालू होते, मग थांबले. फार वर्षांपूर्वी बाजाराची टोपली उतरवताना त्या बसच्या शिडीवरून पडल्या होत्या, तेव्हापासून त्यांचा डावा पाय ओढला जातो. उपासनेत त्यांच्यावर पवित्र आत्मा उतरतो तेव्हाही तसाच. त्याला आम्ही नाच म्हणत नाही. डोळे मिटलेले, तळवे वर, दोन पावलं पुढे, डावा पाय मागून ओढत आणायचा, डोक्यावरचं पांढरं फडकं सावरायचं आणि एक गिरकी. मोबाईलमधल्या पोरीने दोन पावलं पुढे टाकली, डावा पाय ओढत आणला, डोक्यावर नसलेलं फडकं सावरलं आणि गिरकी घेतली.

"पोरीच्या पायाला काय झालंय?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. पाय चांगला आहे तिचा."

तव्यावरची पोळी करपली. त्यांनी ती काढून टाकली आणि पुढचा गोळा हातात घेतला. खरं सांगते, मला त्यांच्याकडून आशा नव्हती. जन्मभर पहिल्या बाकावर बसलेलं माणूस तिथून सहजासहजी उठत नाही.

रविवारी स्तोत्रं झाली. पाळकांनी पुस्तक मिटलं आणि केइलाचं नाव घेतलं. ती उठायला लागली, तशी मी तिचा हात धरला आणि स्वतः उभी राहिले.

"केइला येणार नाही," मी म्हणाले. "तिने चोरी केली नाही, खोटं बोलली नाही, भावाला चावली नाही. या आठवड्यात तरी नाही."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"देवाशी काय बोलायचं ते ती रोज रात्री बोलते. तुमचं तिने काही बिघडवलेलं नाही."

"मग तुमची जागा तुम्हाला ठाऊक आहे, बहिणी," पाळक म्हणाले.

"आहे."

एलिऊला कडेवर घेतलं, केइलाचा हात धरला आणि सगळ्या बाकांमधून मागे चालत गेले. नाही म्हणणाऱ्याला भीती वाटत नाही, असं ज्याला वाटतं त्याने कधी नाही म्हटलेलं नसतं. केइला मात्र दोन्ही बाजूंना ओळखीच्या लोकांना हात करत होती. ओब्दूलिओ खाली मान घालून गिटारच्या तारा बघत होता. त्या क्षणी मला त्याचं तोंडही बघायचं नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून सासूबाई उठल्या.

"फर्मीन, तुझ्या त्या मोबाईलमधली पोर लंगडते का रे?"

"हो... थोडी लंगडते खरी."

"तिचे दोन्ही पाय धड आहेत. लंगडते मी." त्या मंडळीकडे वळल्या. "इथे मी हेच करते तेव्हा तुम्ही आमेन म्हणता. पोरीने बघितलं. तिला वाटलं, मन भरून आलं की देवापुढे असंच करायचं असतं. शिकवणारी मी आहे."

"त्रान्सितोआई, ते वेगळं," पाळक म्हणाले. "इथे तो आत्मा..."

"आबेलिनो, आत्म्याला शाळेच्या फाटकावर तू अडवलंस का? मला तरी तसं कुणी सांगितलं नाही."

मग त्या निघाल्या. सिमेंटच्या फरशीवर त्यांचा पाय घासत होता. केइलासमोर येऊन त्या बाकाला धरून वाकल्या.

"मी न बघताच तुला दोष दिला," त्या म्हणाल्या. "मला क्षमा कर."

केइलाने माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही. हे तिचं तिने ठरवायचं होतं.

"बरं," ती म्हणाली. "बस, आजी. इथे जागा आहे."

सासूबाई बसल्या. थोड्या वेळाने ओब्दूलिओनेही गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला आणि येऊन आमच्या शेजारी बसला. "उशीर केलास," मी म्हणाले. "हो," तो म्हणाला.

पाळकांनी घाईने पुढचं गीत सुरू करायला सांगितलं. बासशिवाय ते पोकळ वाटत होतं, पण ढोल आणि खंजिरी होती. केइला बाकावरून खाली उतरली. तिने डोळे मिटले, तळवे वर केले, दोन पावलं टाकली आणि डावा पाय मागून ओढत आणला. पुढचे सगळे माना वळवून बघत होते. मी त्यांच्याकडे तशीच बघत राहिले.

सासूबाईंनी वाकून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तो पाय ओढू नकोस गं," त्या म्हणाल्या. "तो माझा दुखतो. तुझा नाही."