घासाला ठेवलेले इंग्रजी नाव

"लेकराच्या घासाला नाव ठिवू न्हाई, माय," केशरबाई सुनेला म्हणाल्या होत्या. सून सत्यशीला हसली होती. मीही मनातून हसलो होतो. त्या घरात तिच्याइतका शिकलेला मीच होतो ना!

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून मला छापले, दोऱ्याने शिवले, पुठ्ठ्यात बांधले. सत्यशीला मॅट्रिक झाली तेव्हा तिचे वडील आश्रुबा यांनी मला परभणीहून आणले. त्यांना इंग्रजीचे अक्षर येत नव्हते, तरी आगगाडीत पिंगळी स्टेशन येईपर्यंत ते माझी पाने उलटत होते. माझ्या आधाराने ती बी. ए. झाली. लग्नानंतर मी तिच्यासोबत ताडकळसला आलो. येणारा-जाणारा मला उचलून वजन बघे. सुखाचे दिवस होते ते.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. रेशनवर लाल मिलो नावाचे परदेशी धान्य मिळे. त्याची भाकर हातात घेताच मोडे. केशरबाई ती थापत, आणि सहा वर्षांची नात रुख्मिणी आणखी मागे. सत्यशीलेच्या अंगावर तान्हे होते, तिच्या स्वतःच्या पोटातच आग असे. शेजारी गेल्यावर पोरगी दुसऱ्याच्या ताटाकडे बघे, तेव्हा आईला मेल्याहून मेल्यासारखे होई.

"किती खातीस गं!" ती एकदा ओरडली. त्यावर सासूबाईंनी ती ताकीद दिली. लेकराच्या खाण्यावर बोलले की त्याला दृष्ट लागते, असे त्यांचे म्हणणे.

"बरं आत्याबाई, इंग्रजीत म्हणते. तुमच्या दृष्टीला इंग्रजी कुठं कळतंय?"

"दृष्टीला न्हाई कळंल. लेकराला कळंल की."

तिने मला उघडले. ग्रीडी, हावरट. ग्लटन, खादाड. व्होरेशस, अधाशी. गॉर्ज, नरड्यापर्यंत कोंबणे. खाण्याला इतकी नावे आपल्याजवळ आहेत हे मलाही त्या दिवशी कळले. फुशारकीने मी एकेक पुढे केले. पोरीचा हात दुसऱ्या भाकरीकडे गेला की आई म्हणे, "ग्लटन!" पोरीने अर्थ विचारला. आईने माझ्यावर बोट ठेवून तो वाचूनही दाखवला. शिकवायची हौस!

थोड्याच दिवसांत रुख्मिणी अर्ध्या भाकरीवर उठू लागली. "भरलं," म्हणे.

"बघा, शहाणी झाली," सत्यशीला म्हणाली. उरलेली अर्धी, तान्ह्याला दूध यावे म्हणून, ती स्वतः खाई. मला फळीवरून सगळे दिसत होते.

एका दुपारी शाळेतले चंद्रभान गुरुजी पोरीला उचलून घेऊन आले.

"बाई, सुकडीच्या खाऊच्या रांगेत चक्कर येऊन पडली ही. आठ दिवस झाले, सुकडी घेईना. इचारलं तर म्हणायली, मी ग्लटन न्हाई. ते ग्लटन काय असतंय, बाई?"

केशरबाईंनी नातीच्या तोंडाला गुळाचे पाणी लावले.

पोरगी वाचली. मला झाकण न बसणाऱ्या ट्रंकेत टाकले गेले, आता माझ्या कडांना कसर लागली आहे. माझी तक्रार नाही. दमलो आहे, इतकेच. शब्द काढताना समोर कोण उपाशी बसले आहे ते बघावे, मित्रांनो. मी बघितले नाही.

आता अठ्ठ्याहत्तर साल आहे. रुख्मिणी जिंतूरला वसतिगृहात राहून सातवीत शिकते. जाताना तिने मला नेले नाही. सुट्टीत घरी आली की दुसऱ्या भाकरीआधी अजून आईच्या तोंडाकडे बघते. तिकडे कुणाच्या तोंडाकडे बघत असेल?

जिंतूरच्या एस्टीत चढणाऱ्या प्रत्येकाला सत्यशीला गाठते. तुम्ही जाणार असाल तर तुम्हालाही तिचे हेच सांगणे आहे:

"माझ्या रुख्मिणीला भेटून या. जेवलीस का, असं इचारू नका, हो म्हणंल. जेवायच्या वेळंला जा, शेजारी बसा, आणि ताटात काय हाय ते बघा."